एकेचाळिसाव्या पानावरचा मासा

व्हरमाँटमधल्या त्या खेड्याच्या वाचनालयात अडेला तीस वर्षं पुस्तकं देत-घेत होती. तिथल्या म्हाताऱ्यांना एक खोड होती. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी नेऊ नये, म्हणून ठरलेल्या पानावर ते पेन्सिलीनं आपली खूण करायचे. अडेला चिडायची, पण तिचा नवरा ऑरिनच एकेचाळिसाव्या पानावर वाकड्या शेपटीचा मासा काढायचा, मग बाकीच्यांना काय बोलणार?

या हिवाळ्यात छापून आलेल्या एका भुताच्या कादंबरीवरून वाचकांत जुंपली.

"नुसता कचरा!" क्लाइड फणफणला. "म्हणे, मेलेला नवरा बायकोनं दार उघडलं तरच आत येतो आणि तिचं रक्त पितो!"

"तरीच हल्ली दिवा लावून झोपतोस, तुझी बायको सांगत होती," हेझलनं टोमणा मारला. "अगं अडेला, तूच सांग, कशी आहे?"

अडेलानं पुस्तक चाळलं. एकेचाळिसाव्या पानावर वाकड्या शेपटीचा मासा होता. ऑरिनला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"चांगली आहे," ती हळूच म्हणाली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं मागच्या दाराची कडी काढून ठेवली.