खाडीपासून चालत किती मिनिटं

घाटकोपरची आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि दोन महिन्यांत जागा खाली करायची ठरलं, तेव्हा नवऱ्याने कागदावर यादी केली. स्टेशन जवळ, लिफ्ट, चोवीस तास पाणी. मी पाण्यावर बोट ठेवलं.

"मला नळाचं नाही, बाहेरचं पाहिजे."

त्याने यादीत तेही लिहून घेतलं. इतकी वर्षं तो मला बघतोय.

मी गळाने मासे पकडते. आठवडाभर अंधेरीच्या एका लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्ताच्या काचा तपासते आणि शनिवार संध्याकाळपासून घरात नुसती फिरत राहते. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, तलावाच्या काठावर. आजोबा तितरांना फासे लावायचे. पुढे ते बंद झालं आणि शिकारीचं जे काही घरात उरलं होतं ते वडिलांच्या गळात आलं, त्यांच्याकडून माझ्याकडे. आठवीत असताना मी पहिली मरळ काढली. घाटकोपरला असताना रविवारी उजाडताच निघून उरणच्या बाजूला जायचे. अर्धा दिवस जाण्यायेण्यातच संपायचा.

पहिली जागा मुलुंडला बघितली. पाचवा मजला, खिडकीसमोर डोंगर. पायथ्यापर्यंत पंधरा मिनिटं, म्हणजे पावसाळ्यात ओढे, ओढ्यात खेकडे. मी मनातल्या मनात राहायलाही गेले. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. मी परस्पर खाडीवरून आले होते, त्यामुळे गळाची लांब पिशवी माझ्या खांद्याला होती.

"बॅडमिंटन का?" त्यांनी विचारलं.

"नाही, गळ आहे. मासे पकडते."

"पकडून काय करता?"

"खाते."

ते एजंटकडे वळून म्हणाले, "तुम्ही हे सांगितलं नव्हतं." मग नवऱ्याला पूर्ण नाव विचारलं. त्याने सांगितलं. मग मूळ गाव. तेही सांगितलं. "कळवतो," ते म्हणाले.

लिफ्टमध्ये नवरा म्हणाला, "बॅडमिंटन म्हणाली असतीस तर?"

"मग मासे काय शटल म्हणून घरात आणायचे?"

तो थोडा हसला. खाली आल्यावर म्हणाला, "पण ते फक्त माशांचं नव्हतं."

"माहीत आहे मला."

त्यांनी काही कळवलं नाही. आम्हीही फोन केला नाही.

दुसरी जागा बोरिवलीला, अगदी जंगलाला लागून. मागच्या भिंतीपलीकडे बांबू. मालकाने मोबाइलवर कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं: बिबट्या कुंपणाच्या भिंतीवरून एका टोकाला जातो, वळतो, परत येतो. मी ते तीनदा बघितलं. जागा झकास होती. म्हणून दुसऱ्या सकाळी मी एकटीच राष्ट्रीय उद्यानात जाऊन आले. डांबरी रस्त्यावरून माणसं भराभर चालत होती. मीही तासभर त्यांच्यामागून चालले. तिथे काही पकडायचं नसतं आणि ते बरोबरच आहे, पण माझ्या हातांना काय करावं ते समजेना. मी खिशात घातले, बाहेर काढले. घरी येऊन सांगितलं, "नको. तिथे बघत बसावं लागेल."

चारकोपची जागा पहिल्या मजल्यावर, लहान. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी एकच विचारलं, "गॅलरीत मासे वाळवणार नाही ना?"

"ताजेच खाते मी."

"मग हरकत नाही," त्या म्हणाल्या. मी स्वयंपाकघर न बघताच खाली उतरले आणि घड्याळ लावून खाडीकडे निघाले. दहा मिनिटं. ओहोटी होती. तिवरांच्या मुळांना प्लास्टिक लटकलेलं, चिखलाला वास. एक म्हातारी कोळीण टोपलीतली कालवं धूत बसली होती.

"मावशी, इथे काही लागतं का?"

तिने आधी माझ्या खांद्यावरची गळाची काठी निरखली. "लागतं. शिंगाला लागतो, बोय लागते. पन खायचं असंल तर पार खाडीच्या मुखाकडं जा. हितलं पानी बघतेस ना तू."

तरी आम्ही ती जागा घेतली. पहिला महिना भरतीची वेळ जमेल त्या प्रत्येक सकाळी मी कामाआधी काठावर उभी असायचे. शिंगाळे लागले, ते सोडून दिले. एकाचा काटा बोटात गेला आणि दिवसभर काच नीट धरता येईना. खाण्यासारखं त्या पाण्यातलं काहीच नव्हतं. तिसऱ्या महिन्यात मी मोबाइलवर पुन्हा नकाशा उघडला. वसई, अलिबाग, उरण.

"आता काय?" नवऱ्याने विचारलं.

"बघतेय फक्त."

"तुला घर नकोय गं. तुला दारात गावचा तलाव पाहिजे."

मला ते पटलं. दिवाळीत गावी गेले. तलाव मत्स्यशेतीसाठी ठेक्याने दिला होता, राखणदाराला विचारून गळ टाकावा लागला. चांगली दोन हात लांब मरळ लागली. वडील शेजारी दगडावर बसले होते. आणि दुपार व्हायच्या आत मी परतीच्या बसची वेळ बघत होते. माझी मलाच लाज वाटली. त्यांना तसं सांगितलं.

ते पाण्याकडे बघत म्हणाले, "मी बी असाच होतो. तलाव हा असा दारात, अन मी सायकल घेऊन दुसऱ्या गावच्या तलावावर जात होतो. तुझी आई फार चिडायची."

"मग कधी थांबलं?"

"गुडघे गेल्यावर," ते म्हणाले, आणि मरळ धुवायला लागले.

हे मी नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे अजून वीसेक वर्षं."

अकरा महिने झाले तशा मालकीणबाई नवा करार घेऊन आल्या. नवऱ्याने कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली. माझ्यानंतर त्याने. त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं फेरीबोटीने मनोरीला गेलो. तो कधी येत नाही, त्या दिवशी आला. जेट्टीजवळच्या एका कौलारू घरावर पाटी होती: वरची खोली भाड्याने देणे आहे. खिडकी सरळ पाण्यावर.

"वाचू नकोस," तो म्हणाला.

माझं वाचून झालं होतं. मग कोळंबीचं आमिष लावायला घेतलं.