पोस्टाच्या सायमीचा हीटर

गावच्या मंडळाने जुन्या माणसांवर एक पुस्तिका काढायचं ठरवलं, आणि पोस्टाच्या सायमीवर मी लिहावं असं सांगितलं. बावीस वर्षं तिची गाडी माझ्या गॅरेजात यायची, म्हणून. लिहिणं हे माझं काम नाही. पण घेतलेलं काम पुरं करायचं, एवढं मला कळतं. सायमीच्या बाबतीत एकदा मी ते केलं नाही, आणि तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. हे सोडून तिच्याबद्दल मला काही लिहिता येणार नाही.

लॅपलँडमधल्या आमच्या कुर्टोवारा गावापासून तळ्याच्या वरच्या टोकापर्यंत तिचा टपालाचा रस्ता. जाऊन-येऊन चौऱ्याण्णव किलोमीटर, एकशे बारा टपालपेट्या. आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं; तिच्या गाडीचं मुद्दाम उजवीकडे बसवलेलं, म्हणजे खाली न उतरता पेटीत टपाल टाकता यायचं. प्रत्येक पेटीपाशी काच खाली, उजवा हातमोजा काढायचा, पत्रं टाकायची, काच वर. हातमोजा घालून पत्रं वेगळी होत नाहीत. मग पुढची पेटी येईपर्यंत ती उघडी बोटं हीटरचा वारा येतो त्या झडपेपाशी धरायची.

वाटेत ती धुराडीही बघायची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या धुराड्यातून धूर नसला, की खाली उतरून दार वाजवायची. हे तिला पोस्टाने सांगितलेलं नव्हतं.

घरी आली की ती जाळी विणायची. तळ्यातल्या बारक्या माशांसाठी लागणारी, अगदी बारीक धाग्याची. तिची गाठ सरकत नसे. मच्छीमार दोन-दोन वर्षं आधी सांगून ठेवायचे. माझ्या वडिलांकडेही तिचं एक जाळं होतं. ते उजेडासमोर धरून म्हणायचे की यातली एकही चौकट दुसरीहून मोठी निघणार नाही.

सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत थंडी उणे अडतीसवर जाऊन बसली आणि नऊ दिवस हलली नाही. आम्हाला थंडीचं कौतुक नाही. इंजिन गोठू नये म्हणून गाडी विजेच्या खांबाला जोडून ठेवायची, वारा अडवायला रेडिएटरपुढे पुठ्ठा लावायचा आणि कामाला जायचं. त्यातल्या पहिल्या शुक्रवारी टपाल वाटून सायमी गॅरेजात आली. गावातले ओइवा आणि विल्यो माझ्याकडे कॉफी पीत बसले होते. मीही माझा कप नुकताच भरला होता.

"इंजिनच्या तापमानाची सुई वर चढत नाही, तौनो," ती म्हणाली. "आणि झडपेतून नुसता कोमट वारा येतो."

मी गाडी आत घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि थोड्या वेळाने झडपेवर हात धरला. गरम होतं.

"हात भाजतोय इथे," मी म्हणालो. "एकशे बारा वेळा काच उघडतेस आणि नावं हीटरला ठेवतेस?"

"आख्ख्या लॅपलँडला ऊब द्यायला निघालीस की काय, सायमी?" ओइवा म्हणाला.

आम्ही तिघं हसलो. तीही थोडी हसली. मी तिला आणखी मोठा पुठ्ठा कापून दिला आणि कपाकडे वळलो. कॉफी अजून गरम होती.

आता माझी चूक सांगतो. इंजिनचं पाणी तापेपर्यंत रेडिएटरकडे जाऊ नये, म्हणून वाटेत थर्मोस्टॅट नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो उघडा अडकला, तर धावत्या गाडीत थंड वारा सगळी उष्णता ओढून नेतो आणि हीटरसाठी काही उरत नाही. उबदार गॅरेजात, उभ्या गाडीत, तोच हीटर चांगला तापतो. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते मेस्तरी लाउरी पहिल्याच हिवाळ्यात म्हणाले होते, "गॅरेजात कुणाचाही हीटर गरमच असतो. रस्त्यावर नेऊन बघ." दहा मिनिटांची फेरी. मला उणे अडतीसमध्ये पुन्हा बाहेर जायचं नव्हतं. दुसरं काही कारण नाही.

आमच्याकडे माणूस तक्रार एकदाच सांगतो. सायमी पुन्हा आली नाही.

बुधवारी एका घरी सही घ्यायची होती. ती काच उघडी ठेवून, हातमोजा काढून, म्हातारा दारापर्यंत येईस्तोवर थांबली. पुढे बोटं झडपेपाशी धरली तर वारा गार. बोटं पांढरी पडली. चाळीस पेट्या उरल्या होत्या, आणि त्यांत दोघांची औषधं होती. तिने चाळीसही पेट्या पुऱ्या केल्या. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींची टोकं रोव्हानिएमीच्या डॉक्टरांनी काढली.

गावात सगळे म्हणाले, काच उघडी ठेवल्यामुळे झालं. म्हणजे माझंच वाक्य. सायमीही तेच सांगायची. मी ऐकायचो आणि हातातलं काम पुढे करायचो.

मे महिन्यात गाडीचा पाण्याचा पंप गेला. तो खोलताना थर्मोस्टॅट हातात आला. गंजून सताड उघडा अडकलेला. मी नवा बसवला. जुना खिशात घातला, घरी नेला आणि खणात ठेवला. तिला सांगितलं की पंप बदलला.

त्यानंतर दर हिवाळ्यात मी तिची गाडी रस्त्यावर वीस मिनिटं चालवायचो, झडपेत थर्मामीटर खोचून. वारा पन्नास अंशांच्या खाली असला, तर गाडी परत दिली नाही. "एवढं कशाला, तौनो?" ती विचारायची. मी म्हणायचो, सवय आहे. ती आभार मानायची. ते ऐकताना मला तिच्या तोंडाकडे बघवत नसे.

जाळी विणणं तिने सोडलं. राहिलेला धागा शेजारणीला देऊन टाकला.

हा लेख लिहायचा ठरल्यावर मी तिच्या घरी गेलो. सायमी आता सत्तर वर्षांची आहे. तिने डाव्या हाताने कॉफी ओतली. मी तो थर्मोस्टॅट खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. ओइवाचं नाव मध्ये आणलं नाही. त्याने नुसती थट्टा केली होती, गाडी माझ्याकडे होती.

तिने तो तुकडा उचलला, उलटा-सुलटा केला. खिडकीबाहेर तळं गोठलेलं होतं. तो तुकडा तिने परत टेबलावर ठेवला.

"हा बदलायला किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

दोन तास म्हणावं असं मनात आलं. दिवसभर लागतो, असंही सांगता आलं असतं. तिला काय कळणार होतं?

"अर्धा तास," मी म्हणालो. "पाणी काढून पुन्हा भरण्यासकट."

तिने मान हलवली.

"तेवढं तर मी थांबले असते," ती म्हणाली.

कॉफी संपेपर्यंत आम्ही बसलो. निघताना मी विचारलं की हे लिहू का. ती म्हणाली, लिही, आणि अर्धा तास असंच लिही. थर्मोस्टॅट मी उचलायला गेलो, तर तिने तो आपल्याकडे ओढून घेतला.