कॉम्प्युटरमधल्या पाहुण्याची चौकशी

येरमाळ्याच्या चौकात शिवकांताबाईंचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. दारात नवा माणूस दिसला की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले: कुणाचे? कुठले? इथं कुणाकडं आलात? उत्तरं मिळाल्याशिवाय साधी झेरॉक्स निघत नाही. मला या चौकशीचा मनापासून राग येतो. मी समोरच राहतो, तरी पहिल्या दिवशी बाईंनी माझ्या आजोबांपर्यंत मजल मारली होती.

नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी मी सातबारा काढायला गेलो, तर धुळाप्पामामा खुर्चीत बसलेले. शाळेतून शिपाई म्हणून रिटायर होऊन त्यांना वीस वर्षं झाली. हयातीचा दाखला द्यायची ती शेवटची तारीख, आणि अंगठ्याच्या मशीनचा दिवाच लागेना.

"आज अंगठा उठला न्हाय, तर सरकार मला मेलेला धरंल," मामा म्हणाले. "पेन्शन बंद. मग जित्ता हाय म्हणून कुणाकुणाला सांगत फिरू?"

स्क्रीनवर सूचना होती: सुरक्षेसाठी हा ड्रायव्हर रोखला आहे. खाली फाइलचं नाव, नुसती अक्षरं आणि आकडे. ड्रायव्हर म्हणजे मशीन आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषी. तोच अडला की दोघं एकमेकांकडे बघत बसतात.

बाईंचे दीर रणधीर शेजारी मोबाइल दुरुस्त करतात. ते धावत आले. "वैनी, ती सुरक्षाच बंद करून टाका. दोन मिनिटांचं काम."

"भावजी, अनोळखी माणूस आला म्हणून तुमी दारच काढून ठेवता व्हय?"

मग बाईंनी फाइलची माहिती उघडली आणि चौकशी सुरू केली. कुणाची? सही निघाली अंगठ्याची मशीनं बनवणाऱ्या कंपनीची. म्हणजे घराणं बरं होतं. कुठली? जुन्या मॉडेलची. ते मशीन तर केव्हाच बिघडून कपाटावर धूळ खात पडलेलं. मग ही अजून इथं कशी? कधी आली? चोवीस एप्रिल, दुपारी सव्वाबारा.

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागं उलटली. चोवीस एप्रिलच्या चौकोनात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'येडाईची यात्रा. दुकान भावजींकडं.'

रणधीररावांना एकदम आपल्या दुकानातलं गिऱ्हाईक आठवलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आमी तिकडं यात्रेत देवीसाठी चुनखडी वेचत होतो, अन् तुमी हितं काय उद्योग केला?"

"त्या दिवशी नवं मशीन चालू व्हईना, गर्दी लई. माझ्या पेनड्राइव्हमधी जुन्याचा ड्रायव्हर होता. एकाच कंपनीचा हाय म्हणून घातला." मग जरा छाती काढून म्हणाले, "चालला की सात महिने!"

"चालला. काल कॉम्प्युटरचं अपडेट झालं अन् त्यानं धरला."

बाईंनी कंपनीच्या साइटवरून नव्या मशीनचा खरा ड्रायव्हर उतरवला, जुना काढला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सुरक्षा होती तशीच राहिली. मशीनचा दिवा लागला. मामांनी अंगठा धोतराला पुसून टेकवला. मशीन दोनदा नाही म्हणालं. झिजलेला अंगठा, त्याचा काय दोष? तिसऱ्यांदा स्क्रीनवर हिरवी खूण आली आणि माझाच जीव भांड्यात पडला.

"त्या जुन्याला काढूनच टाकलंस व्हय?" मामांनी विचारलं.

"त्याचं मशीनच राहिलं न्हाय मामा. तरी रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की आपला हजर."

मामा खुर्चीतून उठले. रिटायर झाल्यापासून ते रोज दहाला आणि पुन्हा शाळा सुटताना फाटकाशी जाऊन उभे राहतात, हे गावाला माहीत आहे. आणि महिनाभरापासून फाटकावरचा नवा वॉचमन त्यांना 'कुणाकडं आलात?' म्हणून अडवतो, हेही. बाईंनी जीभ चावली. मी इथं राहायला आल्यापासूनच्या नऊ वर्षांत त्यांना ओशाळलेलं मी प्रथमच पाहिलं, आणि खरं सांगतो, मला मजा वाटली नाही.

मामांनी दाखला डोळ्यांजवळ धरून वाचला, घडी करून खिशात ठेवला. "येतो. शाळा सुटायची येळ झाली."

बाई पायरीपर्यंत आल्या. "मामा, उद्यापासून दहाला हितं या, चहाला. अन् वाटंत कुणी विचारलं, कुणाकडं निघालात, तर शिवकांताकडं म्हणा."