विहीणबाईंचं पहिलं ‘नको’

ये, अशी जवळ सरक. दिवाळीपासून फिरकली नाहीस, फोनवर नुसते अंगठे पाठवतेस, ही काय रीत झाली? इकडे माझ्याकडे काय काय घडलं, तुला पत्ता नाही.

माझी सून जर्मन, हे ठाऊक आहेच तुला. तिची आई पहिल्यांदाच पुण्यात आली. उतरणार कुठे? तर हॉटेलात! मग आमचं घर काय नुसतं झाडायला ठेवलंय? मी हटूनच बसले. शेवटी ठरलं, आधी जेवायला येतील आणि बरं वाटलं तर इथेच राहतील. म्हणजे सगळी भिस्त माझ्या पुरणपोळीवर.

आणि माझ्या जर्मनवर! सदाशिव पेठेतल्या रद्दीवाल्याकडून मी एक पुस्तक आणलं होतं, इंग्रजी येणाऱ्यांसाठी रोजची जर्मन वाक्यं. माझं इंग्रजी बेताचं, त्यामुळे जर्मनवरून इंग्रजी, इंग्रजीवरून मराठी, असा दोन बस बदलून प्रवास. काही समजलं नाही की ते लोक म्हणे म्हणतात, ‘मला फक्त रेल्वे स्टेशन कळलं.’ पुणे स्टेशनावर उभं राहून मला तेवढंही कळत नाही.

“आई, त्यांना इंग्रजी येतं गं,” मुलगा म्हणाला.

“येऊ दे. मला जर्मन येतं.” चार वाक्यं येत होती.

सून खराडीच्या ऑफिसातून निघाली ती वाहतुकीत अडकली. मुलगा तव्यापाशी पोळ्या भाजत होता. पंगतीला आम्ही दोघीच विहिणी. त्यांनी पहिली पोळी संपवली. मी दुसरी पुढे केली.

“नाइन, डांके,” त्या म्हणाल्या.

पुस्तकात अर्थ स्वच्छ होता, ‘नको, धन्यवाद.’ पण मला सांग, पहिल्याच फटक्यात ‘हो’ म्हणणारा पाहुणा कुणी पाहिलाय? मी वाढली. त्यांनी संपवली. रिकामं ताट दिसलं, मी तिसरी वाढली.

“इश कान निश्त मेअर.” म्हणजे, आता माझ्याने होत नाही. हेही मला कळलं! म्हटलं, किती संकोची बाई! वर तूप ओतलं.

चौथ्या पोळीला त्यांचा चेहरा टोमॅटो झाला. तेवढ्यात सून आली आणि दारातूनच ओरडली, “अहो आई, बास! ममाला पानात टाकवत नाही आणि तुम्हाला रिकामं पान बघवत नाही. अशानं संध्याकाळपर्यंत चालेल हे!”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, चालल्या आता हॉटेलात. पण जाणार कशा? त्यांना उठवेना! सोफ्यावर आडव्या झाल्या त्या दिवेलागणीला जाग्या झाल्या, पोटावर हात ठेवून खो खो हसल्या आणि लेकीला म्हणाल्या, “हॉटेल रद्द कर. तिथवर चालवणार नाही मला.”

आता पंधरा दिवस इथेच आहेत. सुनेनं नियम घातलाय, पहिलं ‘नको’ शेवटचं मानायचं. मी पाळतेय गं, पण आग्रहावाचून माझे हात शिवशिवतात. तर रविवारी ये. भूक ठेवून ये, आणि निदान तीनदा तरी ‘नको’ म्हण.