मुठीतली नळी

माजिवड्याच्या इस्पितळात मी आईला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला न्यायचो, तेव्हा शेजारच्या खाटेपाशी तो दिसायचा. गळ्यात जाड सोनसाखळी, पायात रबरी चपला. थॅलेसेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन यायचा. रक्त सुरू झालं की तिला हुडहुडी भरू नये म्हणून थंड नळी मुठीत धरून बसायचा. सिस्टर ओरडायच्या, "अहो, सोडा ती नळी!" तो सोडायचा, आणि त्या वळल्या की पुन्हा धरायचा.

लग्नाआधी रक्त तपासलं नव्हतं का, असं मी एकदा विचारलंच. विचारल्यावर माझा मलाच राग आला.

"मामाचीच पोर केली, तपासायचं काय त्यात?" तो म्हणाला. "बापूस बोलला, जागा घरान राहील. आता डॉक्टर बोलतात, आमचे आजीकडून दोघांच्यात आलंय. एकाकडून आलं तर काय होत नाय, दोघांकडून आलं की पोराला धरतं. आजी मिठागरावर कामाला. हिवतापानं आजूबाजूची माणसं मेली, ती जगली. ते पण रक्तातल्या या दोषामुळंच असेल, बोलतात."

पोरगी झोपली होती. तिच्या मोठ्या भावालाही तो याच खाटेवर आणायचा, हे सिस्टरनी मला सांगितलं होतं. तो मुलगा गेल्या वर्षी गेला.

"आणि जागा?" मी विचारलं.

"राहिली ना." त्याने नळी दुसऱ्या मुठीत घेतली. "आता घरान माणूस राहायला पायजे."