फाटकावरचं तर्कशास्त्र

वामन गजभिये यांनी तिगावजवळच्या रेल्वे फाटकावर एकतीस वर्षं नोकरी केली, पण लोकांच्या डोक्यातली एक चूक काही त्यांना काढता आली नाही. फाटक बंद दिसलं की मोटारसायकलवाला विचारायचा, "कोनती गाडी येऊन राहिली, काका?"

"गाडी येते तवा फाटक बंद असते, हे खरं," वामनराव म्हणायचे. "पन फाटक बंद आहे म्हनून गाडीच येते, असं कोनं सांगतलं तुले? रुळावर काम चालू असन, नाही तर फाटकच बिघडलं असन."

मोटारसायकलवाला कपाळाला हात लावायचा. संत्री घेऊन बाजार गाठायला निघालेल्या माणसाला तर्क नको असतो, रस्ता हवा असतो.

मन लावून ऐकणारी एकच होती, त्यांची लेक शीतल. पुढे पांढुर्ण्याच्या कॉलेजात तिनं तत्त्वज्ञान घेतलं आणि पहिल्याच वर्षी तर्कशास्त्राच्या पुस्तकात तिला बापाचं म्हणणं सापडलं. 'जर-तर'च्या विधानात 'तर'चा भाग खरा निघाला, म्हणून 'जर'चा भागही खरा ठरत नाही. पोरगी धावत घरी आली. "बाबा, तुमचं फाटक पुस्तकात आहे!" दहावी नापास वामनराव आठवडाभर तरंगतच होते.

फाटकाच्या कामाचा एक नियम होता. स्टेशन मास्तर फोनवर गाडीची खबर द्यायचा. वामनराव फाटक बंद करून कुलूप लावायचे आणि जवळच्या कागदावरचा दोन आकडी नंबर मास्तरला सांगायचे. फाटक बंद झाल्याची ती खूण. मास्तरनं नंबर लिहून घेतल्यावरच गाडीला सिग्नल मिळायचा. हाच खेळ बापलेकीनं घरी आणला. शाळेला निघताना शीतल उंबऱ्यात थांबून मनाला येईल तो नंबर सांगायची. वामनराव तो खडूनं दाराच्या चौकटीवर लिहायचे आणि म्हणायचे, "सिग्नल दिला." त्याशिवाय ती पाऊल बाहेर टाकायची नाही, उशीर झाला तरी! एम.ए. होईपर्यंत हे चाललं. शीतलची आई मालतीबाई दर दिवाळीला चौकट पुसून पुसून वैतागायच्या.

मग शीतलला सौंसरच्या बँकेत नोकरी लागली आणि तिनं ती नाकारली. तिला पुण्याला जाऊन तर्कशास्त्रात संशोधन करायचं होतं. वामनरावांचं डोकं फिरलं. "तर्कशास्त्रानं पोट भरते का?" असं ते ओरडले. जन्मभर फाटकावर तेच शिकवत बसलेल्या माणसानं हे म्हणावं, याला काय म्हणायचं! वर म्हणाले, "जाशीन तर जा. पन मंग मले फोन करू नको."

निघायच्या दिवशी शीतल बॅग घेऊन उंबऱ्यात उभी राहिली, चांगली पाच मिनिटं. वामनराव भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांना वाटलं, पोरगी हट्टानं उभी आहे. मागे वळून पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं.

त्याला चौदा महिने झाले. दर रविवारी मालतीबाईंना फोन यायचा, वामनरावांना एकदाही नाही. वामनराव निवृत्त झाले होते, त्यामुळे विचार करायला वेळच वेळ. पोरगी रागावली असेल तर फोन करणार नाही. फोन तर येत नाही. म्हणजे रागावली आहे. झालं, उत्तर तयार.

"पोरगी रागात नाही जी," मालतीबाई सांगायच्या. "तुमीच लावा ना फोन."

"तू माय आहेस. तू तर असंच म्हनशीन."

चिडलेल्या माणसाला समजावता येतं, पण हिशेबशीर चुकलेल्या माणसाला समजावणं महाकठीण. लेकीच्या आठवणीनं त्यांचा जीव तुटायचा आणि ते फोनकडे बघत बसायचे.

परवा मालतीबाईंच्या नावानं टपाल आलं. शीतल आता पुण्यातल्या एका कॉलेजात शिकवतही होती आणि विद्यार्थ्यांसाठी तिनं लिहिलेली पातळशी पुस्तिका कॉलेजनं छापली होती. मालतीबाईंनी ती वामनरावांसमोर ठेवली. "मले काय समजते यातलं? तुमी वाचा."

पहिल्याच धड्यात फाटक होतं. वामनरावांनी चष्मा पुसला. धड्याखाली प्रश्न होते, त्यातला सातवा असा होता: 'एक गेटमन मुलीला म्हणाला, "जाशील तर मला फोन करू नकोस." मुलगी गेली. तिने फोन केला नाही. यावरून ती रागावली आहे असे सिद्ध होते काय? सकारण लिहा.'

त्यांनी घाईघाईनं मागचं पान उघडलं. बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलेली होती. सातव्यापुढे लिहिलं होतं, 'ज्याचे त्याने सोडवावे.'

वामनरावांनी पेन्सिल घेतली. राग असेल तर फोन नाही. फोन नाही, म्हणून राग. लिहिलं आणि हात थांबला. अरे, हा तर तो मोटारसायकलवाला! फाटक बंद, म्हणून गाडी. आयुष्यभर ज्या चुकीला ते हसले, तिच्यात चौदा महिने स्वतः मुक्काम ठोकून बसले होते. फाटक बंद असण्याला दुसरंही कारण असतं. पोरगी रागावली नव्हती. ती फक्त बापाचं ऐकत होती.

आणि त्या दिवशी उंबऱ्यात ती हट्टानं उभी नव्हती. तिला नंबर सांगायचा होता.

त्यांना रडू आवरेना. मालतीबाईंनी शीतलला फोन लावून त्यांच्या हातात दिला.

पलीकडून "हां आई, बोल," असा आवाज आला. वामनरावांनी चौदा महिने जुळवून ठेवलेलं बोलणं कुठल्या कुठे गेलं. शेवटी एकच शब्द निघाला.

"नंबर?"

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"त्रेसष्ट," शीतल म्हणाली. "त्याच दिवशीचा आहे बाबा. अजून कोनाले सांगतला नाही."

"थांब, फोन ठेवू नको," वामनराव म्हणाले आणि घरभर खडू शोधू लागले.