हेडबाईंची साक्ष

हेडबाईंना रिटायर होऊन सात वर्षं झाली, पण त्यांचं लाल पेन काही रिटायर झालं नव्हतं. लग्नपत्रिका असो की वीजबिल, हातात पडलं की आधी चुका काढायच्या. माणसांनाही त्या तसंच तपासत, आणि पास फार थोडे होत. सुनेला तर त्यांनी परीक्षेलाच बसू दिलं नव्हतं. एकुलत्या एका पोराने परदेशातून सुट्टीवर येऊन, कोर्टात जाऊन, सहा वर्षांनी मोठ्या, घटस्फोटित पार्लरवालीशी लग्न उरकलं. त्या दिवशी हेडबाईंनी घराचं दार आतून लावून घेतलं. दोन वर्षं त्यांच्या तोंडी 'सून' हा शब्द नव्हता. 'ती पार्लरवाली', बस्स.

आणि आज तीच बया फाइल कवटाळून समोरच्या खुर्चीत बसली होती.

"आई, व्हिसा ऑफिसचं पत्र आलंय. आमचं लग्न खरं की नुसतं कागदावरचं, असा संशय आहे त्यांना. यांच्या घरच्यांचा एक फोटो नाही, एक पत्र नाही म्हणतात. महिन्याभरात घरच्या माणसाचं निवेदन गेलं नाही, तर माझा अर्ज नामंजूर."

हेडबाईंना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अर्ज बारगळला की एकतर पोरगा परत येईल, नाहीतर लग्न तरी मोडेल. बोटही न उचलता काम फत्ते!

"बघू ती फाइल," त्या म्हणाल्या. "हा फोटो विमानतळावरचा. हाही विमानतळावरचा. संसार काय तिथेच थाटलाय? आणि हे काय लिहिलंय आमच्या दिवट्याने? 'आमचं प्रेम अथांग आहे.' अथांग! गुडघाभर पाण्यात दम लागतो त्याला."

फाइलच्या शेवटी त्यांच्या सहीसाठी पोराने तयार मजकूर पाठवला होता. 'पहिल्या दिवसापासून आम्ही सुनेला पोटच्या मुलीसारखं मानलं.' हेडबाईंनी त्यावर खसकन लाल रेघ ओढली.

"धादांत खोटं! भल्याभल्यांनी पाय धरले, तरी खोट्या दाखल्यावर सही केली नाही मी."

"मग खरं लिहा," पार्लरवालीचा आवाज चढला. "जे केलंत, तेच लिहा."

"लिहिते की! भिते की काय कुणाला?"

तावातावाने त्यांनी कपाटातून रोजनिशी काढली, निळं पेन घेतलं आणि फाइलमधल्या निवेदनाच्या कोऱ्या फॉर्मवर तारखांसकट लिहायला बसल्या. 'मला हे लग्न मान्य नव्हतं. मोडावं म्हणून मुलाला तीन स्थळांचे फोटो पाठवले, त्याने उत्तरही दिलं नाही. छातीत दुखतंय असं खोटंच कळवून त्याला बोलावून घेतलं. तो आला, मला डॉक्टरकडे घेऊन गेला आणि सुट्टीचे उरलेले नऊ दिवस पार्लरच्या माडीवर बायकोजवळ राहिला. मग मी घरमालकाचे कान भरून तिला जागा सोडायला लावली. तिने दुसरी घेतली, आणि अडीअडचणीला असू द्या म्हणून नवा पत्ता मलाच कळवला. दोन वर्षं सगळे प्रयत्न करूनही हे लग्न माझ्याच्याने मोडलं नाही.'

इथे पेन थांबलं. हेडबाईंनी कागद पुन्हा वाचला. आयुष्यभर पेपर तपासलेली बाई ती. यात कोण पास झालं आणि कोण नापास, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. हा कागद गेला की पोरगा कायमचा गेला, हेही लख्ख दिसत होतं. फाडायला एक क्षण पुरला असता. पण त्यात खोटं काहीच नव्हतं, मग फाडायचा कुठल्या तोंडाने? त्यांनी खाली सही ठोकली आणि कागद पुढे सरकवला.

पार्लरवाली वाचत गेली. डोळे पुसून तिने कागद पुन्हा वरपासून पाहिला.

"आई," ती म्हणाली, "वर 'अर्जदाराशी नातं' रिकामं राहिलंय."

हेडबाईंनी कागद ओढून घेतला. त्यांना एरवी सुवाच्य अक्षराचा कोण गर्व, पण तो एक शब्द वाकडातिकडाच उमटला. सासू.

"घे. भाषांतरवाल्याला सांग, एक शब्द बदलायचा नाही. आणि त्याच्यावर रडू नकोस, शाई पसरेल. मला हे पुन्हा लिहायला जमायचं नाही."